एचआयव्हीची तपासणी आणि ओळखीचे डॉक्टर

पत्र : चार महिन्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय शरीरसंबंध आला. तपासणी करून घ्यावी असे रोज वाटते. पण आमचे डॉक्टर वडिलांचे स्नेही आहेत आणि प्रयोगशाळेत वडिलांचाच मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे. मला काहीच त्रास होत नाही, मग तपासणी टाळली तर चालेल का?

उत्तर : नाही, चालणार नाही. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावरही कित्येक वर्षे ठळक लक्षणे दिसत नाहीत, त्यामुळे त्रास होत नसल्याचा आधार घेऊ नका. तुमची धास्ती मात्र मी अवाजवी ठरवणार नाही. रुग्णाची माहिती बाहेर न जाऊ देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. तरीही वडिलांच्या स्नेह्यासमोर मोकळेपणाने बोलणे जमणार नसेल, तर अनोळखी केंद्र निवडावे, त्यात लपवाछपवी काहीच नाही.

तिथे रक्त देण्यापूर्वीच विचारून घ्या, की खरे नाव नोंदवावे लागते की सांकेतिक क्रमांक चालतो, अहवाल कोणाकोणाला दिसतो, तो समक्ष हातात मिळेल का आणि निरोप कोणत्या क्रमांकावर जातो. (विमा वडिलांच्या नावे असेल, तर त्यातून खर्च भागवू नका, अशी बातमी पुष्कळदा डॉक्टरांच्या तोंडून नव्हे, तर बिलातून फुटते.) उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर उठून दुसरीकडे जा.

केंद्रात पाऊल टाकणेच जड जात असेल, तर स्वतः करायच्या तपासणीचा संच वापरता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून त्याची शिफारस केली आहे. मात्र त्यात संसर्गाचा संकेत मिळाला, तर तो अंतिम निदान समजू नये. प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावीच लागते. त्या प्रसंगाला तीन महिने उलटून गेले आहेत आणि त्यानंतर पुन्हा जोखीम घेतलेली नसेल, तर ‘संसर्ग नाही’ या निष्कर्षावर विसंबता येईल. (पुढे असा प्रसंग आलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, २८ दिवसांच्या औषधांनी संसर्ग बहुधा टाळता येतो.)

संसर्ग निघालाच, तर औषधे लगेच सुरू करता येतात, आणि ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. वडिलांना सांगायचे की नाही, हे तेव्हाही तुम्हीच ठरवाल. जोडीदाराची गोष्ट वेगळी आहे : त्यांना कसे सांगावे याबद्दल समुपदेशकाची मदत घ्या, आणि अहवाल येईपर्यंत कंडोम वापरा.