मेक्सिकोची संस्कृती आणि वारसा खरंच समजून घ्यायचा असेल तर काय पाहावं आणि कसं पाहावं?

तुमच्या प्रश्नातून तीन गोष्टी कळल्या: हातात दोन आठवडे आहेत, कॅन्कूनचे किनारे नकोत, आणि तुमच्या दोघांपैकी एक जण शाकाहारी आहे. मेक्सिकोत मी बरीच वर्षं हिंडतो आहे, म्हणून आडवळण न घेता सांगतो. पिरॅमिडांची यादी करून धावू नका, मक्याचा माग काढा. संग्रहालय, शेत, बाजार, चूल आणि दिवंगतांसाठी मांडलेली वेदी या सगळ्यांतून तोच एक धागा जातो. अवशेष पाहायचे आहेतच, पण या मार्गाने गेलात तर ते कोणी आणि कशाच्या जोरावर उभारले हेही कळतं.

दिवसांची वाटणी: मेक्सिको सिटीत पाच, ओआहाका शहर आणि त्याच्या खोऱ्यात सात, उरलेले दोन प्रवासाला. मध्ये आणखी एखादं राज्य कोंबायचा मोह टाळा. पहिला दिवस सावकाश घ्या; राजधानी २,२४० मीटरवर आहे, जिना चढताना धाप लागते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर आधी तो काढा.

राजधानीत सुरुवात चापुल्तेपेकमधल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयापासून करा. १९६४ साली उघडलेलं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असल्यामुळे गर्दी मावत नाही. दालनं ओळीने बघत गेलात तर सगळ्यात महत्त्वाच्या दालनात पोचेपर्यंत पाय गळालेले असतात. म्हणून चौकातून सरळ टोकाच्या मेशिका दालनात जा, मग तेओतिवाकान, म्हणजे राजधानीजवळच्या प्राचीन शहराचं दालन, आणि ओआहाकाचं. मेशिका म्हणजे ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो ते लोक. त्यांचा सूर्यपाषाण १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात सापडला. वरचा मजला बहुतेक लोक सोडून देतात आणि माझ्या मते तिथेच चुकतात. खाली गेलेल्या काळातले लोक आहेत, वर त्यांचेच आजचे वंशज: त्यांची घरं, माग, सण आणि शेतीची अवजारं.

एक गैरसमज आधीच काढून टाका. मेक्सिकोतलं सगळं जुनं बांधकाम अॅझ्टेकांचं नाही. मेशिकांनी त्यांची राजधानी १३२५ च्या सुमारास वसवली तेव्हा तेओतिवाकान कित्येक शतकं ओस पडलेलं होतं. मोन्ते आल्बान झापोतेकांचं, चिचेन इत्सा मायांचं. खुद्द मेशिकांची राजधानी पाहायची तर भर शहरातलं तेम्प्लो मायोर, म्हणजे त्यांचं मुख्य देऊळ, गाठा. १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार तिथे खोदत असताना कोयोल्शाउकी या देवीची गोल शिळा लागली आणि त्यातून मोठं उत्खनन सुरू झालं. देवळावर देव्हारे दोन होते, एक युद्धदेवाचा आणि एक पर्जन्यदेवाचा. खंडणी आणि पाऊस, त्या राज्याचं पोट या दोन्हींवर चालायचं.

तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात चित्रं काढली. त्यातलं ‘आमची भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचं चित्र मराठी माणसाने चुकवू नये. त्यात भुकेल्यांना पाव वाटणारा जो माणूस दिसतो तो म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाचे हे क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत आले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, त्यांनी मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को आहे. शनिवार-रविवार दुपारी तिथे रंगीत बोटींत बिअर आणि गाणीबजावणी एवढंच असतं. ते हवं असेल तर जरूर जा. शेती पाहायची असेल तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी लवकर कुएमान्कोच्या धक्क्यावर पोचा आणि चिनाम्पांकडे न्यायला सांगा. दर बोटीचा आणि तासाचा असतो, माणशी नव्हे. फलकावर लिहिलेला पाहा आणि किती तास हे बसण्याआधी ठरवा. चिनाम्पा म्हणजे उथळ तळ्यात गाळ आणि पाणवनस्पतींचे थर रचून केलेलं वावर. काठाने लावलेल्या वाळुंजासारख्या उंच झाडांची मुळं त्याची कड धरून ठेवतात. रोपं करायची पद्धत बघा: तळाचा गाळ उपसून वाफ्यात पसरतात, थोडा आवळला की सुरीने वडीसारखे चौकोन पाडतात, प्रत्येकात बोटाने भोक करून एक बी टाकतात. रोप लावताना तो चौकोनच उचलून लावायचा, त्यामुळे मूळ दुखावत नाही. इथल्या मळ्यांत ऑक्टोबरात सेम्पासुचिल फुललेलं असतं, म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. तो मूळचा इथलाच. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, चिकू हीही याच मुलखाची देणगी. राजगिऱ्याची चिक्की सोचिमिल्कोजवळच्या तुल्येवाल्को गावात अलेग्रिया नावाने विकतात, मधात किंवा तिथल्या गुळात बांधलेली. शाकाहारी माणसासाठी पिशवीत ठेवायला याहून चांगलं काही नाही.

आता ओआहाका. राजधानीहून बसने सहा-सात तास; दिवसाची बस घ्या, वाट डोंगरातून जाते. शहरापासून मित्लाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गुहांत सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडली आहेत. त्या खोऱ्यात आजही मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेतात. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं माती झाकून ओल धरतात. मेक्सिकोत मक्याचे ५९ देशी वाण नोंदलेले आहेत. बाजारात पांढरा, पिवळा, लाल, निळा, जवळजवळ काळा असे ढीग शेजारी शेजारी दिसतील.

पण मका नुसता दळून तिथे कुणी खात नाही. तो आधी चुन्यात शिजवतात. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात, आणि मेक्सिकोतली एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर मी हीच सांगेन. प्रमाण असं: एक किलो वाळलेला अख्खा मका, १० ग्रॅम खायचा चुना, अडीच ते तीन लिटर पाणी. चुना पाण्यात विरघळवून मका घालायचा, मंद उकळीवर अर्धा ते पाऊण तास ठेवायचा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल सरकली आणि चावल्यावर आत पांढरा कोरडा ठिपका दिसला की आच बंद. झाकून रात्रभर, आठ ते बारा तास, तसाच ठेवायचा. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं. ते ओतून मका दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, पण सगळी साल घासून काढायची नाही. तिच्यातला चिकटपणाच पीठ बांधून ठेवतो. मग ओलाच वाटायचा. पूर्वी मेतातेवर, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाच्या तीन पायांच्या पाट्यावर. आता बहुतेक गावांत गिरणीत.

बिघडतं कुठे? मका जास्त शिजला की पीठ चिकट होतं आणि हाताला सोडत नाही. चुना जास्त झाला की साबणासारखी कडवट चव येते. नीट भिजला नाही तर वाटण भरड राहतं आणि तोर्तिया, म्हणजे या पिठाची पातळ भाकरी, फुगत नाही. पीठ कोरडं असेल तर गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडतात. चमचाभर पाणी घालून मळा. तवा, म्हणजे कोमाल, चांगला तापलेला हवा. मातीच्या कोमालला चुन्याचं पाणी फासतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. पहिली बाजू पंधरा-वीस सेकंद, दुसरी पाऊण-एक मिनिट, मग पुन्हा उलटली की फुगते. पहिली बाजू जास्त वेळ ठेवली की ती वाळते आणि फुगायचं राहून जातं.

चुन्याने काय होतं? मक्यातलं नायसिन एरवी शरीराला मिळत नाही, ते मोकळं होतं. वर कॅल्शियमही मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही. पुढे स्पेन आणि उत्तर इटलीतल्या नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, ग्रासलं. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना तुटते तीही त्यात चुन्याची प्रक्रिया नसते म्हणूनच. घरी करून पाहायचं असेल तर भुसार दुकानातला अख्खा वाळलेला मका घ्या. स्वीटकॉर्न किंवा लाह्यांचा मका चालत नाही. पानवाल्याकडचा चुना चालतो, पण साधा, सुगंध न घातलेला, आणि तो ओला असतो म्हणून साधारण दुप्पट. भिंतीला लावायचा चुना अजिबात नको.

मेक्सिकोतही सगळीकडे असा मका मिळतो असं नाही. शहरांतल्या बऱ्याच तोर्तियांच्या दुकानांत तयार कोरडं पीठ वापरतात. अशी तोर्तिया गार झाली की पुठ्ठ्यासारखी होते आणि दुमडली की मोडते. मागे ओल्या मक्याच्या बादल्या आणि दगडी गिरणी दिसली तर तिथे रांगेत उभे राहा.

बाजाराचा दिवस चुकवू नका. रविवारी त्लाकोलुला, बुधवारी एत्ला, शुक्रवारी ओकोत्लान. त्लाकोलुलात सकाळी नऊ-दहाला पोचा. दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते. आत मोठ्या मातीच्या परातीत तेहाते ढवळणारी बाई शोधा. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि एक सुवासिक फूल हे वाटून पीठ करतात, ते हाताने मळतात आणि उंचावरून गार पाणी सोडत जातात, तसा वर पांढरा फेस धरतो. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाडग्यात देतात. दूध नाही, अंडं नाही. दिसायला चिखलाच्या पाण्यासारखं, पण उन्हात दुसरं काही नको वाटतं.

तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव त्याच रस्त्यावर आहे. लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिया किड्यांचा. किलोभर वाळलेल्या मालाला लाखाहून जास्त किडे लागतात, म्हणून तो महाग. विणकर तळहातावर पूड चुरडून दाखवतात: लिंबू पिळलं की केशरी, चुना किंवा सोडा लावला की जांभळा. ते पाहून मात्र लगेच गालिचा घेऊ नका, कारण प्रात्यक्षिक खऱ्या रंगाचं आणि विक्रीचा ढीग रासायनिक रंगाचा असंही होतं. कोणत्या गालिच्यात कोणता रंग हे एकेक करून विचारा. खरा विणकर डाळिंबाची साल, नीळ, अक्रोड अशी नावं न अडखळता सांगतो. किमतीत फार घासाघीस करू नये, तिथे ते अपमानकारक वाटतं.

तारखा जुळत असतील तर ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर ओआहाकात असा. आधी गेलेली मुलं येतात, मग मोठी माणसं, अशी समजूत. वेदीवर झेंडू, कोपालचा धूप, पाणी, मीठ, पाव आणि त्या माणसाच्या आवडीचं खाणं. राजधानीतली मोठी मिरवणूक २०१६ पासूनची आहे, तिच्यामागे धावू नका. रात्री स्मशानात जाल तेव्हा फ्लॅश बंद, थडग्यांवर पाय नाही, आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. कुणी शेजारी बसायला सांगितलं तर बसा. झेंडू किंवा मेणबत्ती घेऊन गेलात तर स्वागतच होईल. राहायची सोय पाच-सहा महिने आधी करा.

आता शाकाहाराचं. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण डुकराच्या चरबीची आणि कोंबडीच्या पाण्याची. घोटलेला घेवडा आणि तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले उंडे, यांत बहुतेकदा चरबी असते. भात आणि मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, यांत कोंबडीचं पाणी. ओआहाकाच्या त्लायुदावर, म्हणजे मोठ्या कडक तोर्तियावर, तर चरबीचा थर आधीच फासतात. तेव्हा ‘सोय वेखेतारियानो’ (मी शाकाहारी आहे) म्हणून थांबू नका, पदार्थागणिक विचारा: ‘येवा मान्तेका?’ (यात चरबी आहे का?) आणि ‘येवा काल्दो दे पोयो?’ (यात कोंबडीचं पाणी आहे का?) त्लायुदा मागताना ‘सिन असिएन्तो’, म्हणजे तो चरबीचा थर नको, असं म्हणा. भोपळ्याच्या फुलांची किंवा मक्यावरच्या काळ्या बुरशीची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया), निवडुंगाच्या पानांची भाजी, कोवळ्या रानभाज्या हे बहुतेकदा निर्धास्त, तरी तव्यावर चरबी घालत नाहीत ना हे बघाच. चॉकलेट ओआहाकाच्या बाजारालगतच्या गिरणीत समोर दळून घ्या: कोको, बदाम, दालचिनी, साखर. साखर नेहमीच्या मापात कोकोच्या बरोबरीने किंवा दुप्पट टाकतात, म्हणून दळण सुरू व्हायच्या आधी निम्मी सांगा, आणि ते दुधाऐवजी पाण्यात करून प्या.