पिलाताच्या वाड्यातल्या टाइल आणि ओल धरलेली भिंत

प्रश्न : स्पेनमधल्या सेव्हिलच्या ‘कासा दे पिलातोस’ या सरदारी वाड्याचे फोटो पाहिले. चौकाच्या भिंती खालून रंगीत टाइलांनी मढवलेल्या आहेत. हा वाडा खरंच पिलाताचा होता का? आणि आमच्या पांढऱ्या मातीच्या वाड्याची भिंत खालून हातभर ओल धरते, तिला अशा टाइल लावाव्यात का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पिलाताचा, म्हणजे येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराचा, या वाड्याशी संबंध नाही. पेद्रो एन्रीकेझ आणि त्यांच्या पत्नी कातालिना दे रिबेरा यांनी १४८३ मध्ये काम सुरू केलं. त्यांचा मुलगा फाद्रिके १५१८ ते १५२० या काळात जेरुसलेमची यात्रा करून आला. पुढे क्रूसाच्या वाटेची उपासना, म्हणजे पिलाताच्या घरापासून क्रूसापर्यंतच्या येशूच्या वाटचालीचं स्मरण, इथून सुरू होऊ लागली आणि वाड्याला पिलाताचं नाव चिकटलं. जेनोव्हाच्या कारागिराकडून संगमरवरी दरवाजा घडवून घेतला तोही फाद्रिकेनेच, १५२९ मध्ये.

टाइल १५३० च्या दशकातल्या, नमुने दीडशेच्या आसपास. ओली माती साच्यात दाबली की नक्षीच्या कडा बारीक बांधासारख्या उभ्या राहतात. भाजून झाल्यावर मधल्या खळग्यांत झिलई (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा रंगीत लेप) भरायची : निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, पांढऱ्यासाठी कथील. मग दुसरी भाजणी. खळगा काठोकाठ भरला किंवा भट्टी जास्त तापली, की रंग बांध ओलांडून एकमेकांत मिसळतात.

तुमच्या भिंतीला मात्र टाइल लावू नका. झिलईतून ओल बाहेर पडत नाही. ती आणखी वर चढते, आणि मागे साचलेला खार टाइलच उखडतो. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा : माळवदाची पन्हाळ भिंतीलगत सांडते का, अंगणातला सिमेंटचा कोबा थेट जोत्याला भिडलाय का. कोबा भिंतीपासून दीड-दोन फूट तोडून तिथे खडी भरा. ओलीच्या रेषेच्या वर दोन फुटांपर्यंत जुना गिलावा काढा, लोणा (भिंतीवर फुटलेला पांढरा खार) कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतलं की खार परत आत मुरतो. मग निदान पंधरा दिवस विरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. भिंतीला खाचा पाडून, पाणी शिंपडून अर्ध्या अर्ध्या इंचाचे दोन थर द्या आणि आठवडाभर ओली पोती टांगा. उन्हात गिलावा घाईने वाळला की तडकतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा.

वरून ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदी द्या. पुढच्या पावसाळ्यानंतरही ओल चढली, तर पाणी अजून जोत्यात शिरतंय. पुन्हा पन्हाळीपासून तपासा.