रडारवर दिसलं म्हणजे पाडलं का?

प्रश्न : जून २०२५मध्ये ब्रिटिश नौदलाचं एफ-३५बी हे स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, लढाऊ विमान तिरुवनंतपुरमला उतरलं. आपल्या यंत्रणेने ते टिपलं आणि ओळखलं, असं हवाई दलाने सांगितलं. मग स्टेल्थ ही नुसती जाहिरातबाजी का? एस-४०० या विमानभेदी क्षेपणास्त्र यंत्रणेपुढे असं विमान टिकेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : हवाई दलाने सांगितलं ते खरं, तुमचा निष्कर्ष मात्र घाईचा. ते विमान लपायला आलंच नव्हतं. पायलटने आणीबाणी जाहीर केली होती आणि अशा वेळी उतरायला तिरुवनंतपुरम आधीच ठरलेलं होतं. शिवाय शांततेच्या काळात ही विमानं बहुतेकदा ल्युनेबर्ग लेन्स नावाचे छोटे परावर्तक मुद्दाम लावून उडतात, म्हणजे इतरांना ती नीट दिसतात आणि त्यांचा खरा परतावा, म्हणजे विमानावर आपटून रडारकडे परत येणारी लहर, कोणाला मोजता येत नाही. माझी नोकरी माझगावात जहाजांवरची रडारं दुरुस्त करण्यात गेली. लाकडी किंवा फायबरची मासेमारी होडी स्क्रीनवर धड उमटत नाही. डोलकाठीला पत्र्याचा रिफ्लेक्टर टांगला की तीच होडी ठळक ठिपका होऊन येते. तसंच हे.

आता हिशेब बघा. विमानाचा परतावा दहा हजार पटींनी कमी केला, तरी रडारचा पल्ला फक्त दहा पटींनी घटतो, कारण तो परताव्याच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. समजा, मलबार हिलवरच्या रडारला साधं लढाऊ विमान ३०० किलोमीटरवर दिसतं. स्टेल्थ विमान दिसेल ३० किलोमीटरवर, म्हणजे जवळपास ठाण्याला पोचल्यावर. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर तुमच्या हातात २० मिनिटांऐवजी उरली २. स्टेल्थची सगळी कमाई ती मधली १८ मिनिटं.

पण हे गणित सगळ्या रडारांना सारखं लागू नाही. मोठ्या जहाजावर दोन रडारं असतात, एक ३ सेंटीमीटर लहरींचं आणि एक १० सेंटीमीटरचं. जुलैच्या पावसात पहिल्याचा पडदा पांढराफटक पडतो, दुसरं बरंच निभावून नेतं. लहर बदलली की दिसणंही बदलतं. लढाऊ विमानांचं स्टेल्थ मुख्यतः क्षेपणास्त्राला नेम देणाऱ्या सेंटीमीटर लहरींविरुद्ध बेतलेलं असतं. मीटरभर लांबीच्या लहरींना विमानाचे शेपटासारखे भाग मापात सापडतात आणि परतावा वाढतो. मात्र अशा रडारला ‘त्या बाजूला काहीतरी आहे’ एवढंच ढोबळ कळतं. तेवढ्यावर नेम धरता येत नाही.

२७ मार्च १९९९ला सर्बियात बुद्यानोव्त्सी गावाजवळ एफ-११७ हे अमेरिकन स्टेल्थ विमान पडलं, त्यात टिपणं आणि नेम धरणं हे दोन्ही भाग दिसतात. ते पाडणाऱ्या झोल्तान दानी यांच्या तुकडीकडे पी-१८ हे जुनं मीटर-लहरींचं रडार होतं आणि क्षेपणास्त्र १९६०च्या दशकातलं एस-१२५. रडार क्षणभरच चालू करायचं, जागा सतत बदलायची, अशी त्यांची शिस्त. अमेरिकन विमानं मात्र त्याच त्या मार्गाने येत राहिली. माझ्या मते तिथे यंत्रापेक्षा आळस जास्त नडला.

एस-४००चा ४०० किलोमीटर हा आकडा क्षेपणास्त्राच्या पल्ल्याचा. नेम देणाऱ्या रडारला लक्ष्य दिसेपर्यंत तो कागदावरच. वेगवेगळ्या लहरींची रडारं वेगवेगळ्या जागी ठेवून एकमेकांना जोडली, तर त्या १८ मिनिटांतली काही परत मिळवता येतात. हल्ला करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. जून २०२५मध्ये इराणवर अमेरिकेची सात बी-२ स्टेल्थ बॉम्बफेकी विमानं गेली, तेव्हा आणखी काही बी-२ पॅसिफिककडे हूल द्यायला उडवली होती आणि इस्रायलने त्याआधीच इराणची बरीच रडारं फोडली होती. एवढी महाग विमानं असूनही कोणी एकट्या स्टेल्थच्या भरवशावर गेलं नाही.

प्रश्न : स्टेल्थ विमान काळं असतं ते रडारला दिसू नये म्हणून का?
– इयत्ता नववीची विद्यार्थिनी, परळ

उत्तर : नाही गं. रडारला रंग कळतच नाही. एफ-११७ काळं होतं ते रात्री डोळ्यांना दिसू नये म्हणून. एफ-३५ करडं आहे. खरं काम आकार करतो, लहर रडारकडे न परतता भलतीकडे जावी असा. त्याचं गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२मध्ये छापलं आणि वापरलं अमेरिकेने! लहरी शोषणारा लेप असतो, पण तो नाजूक. बी-२ला त्यापायी वातानुकूलित हँगर लागतो. आमच्या जहाजांवरच्या अँटेनांचे तर एका पावसाळ्यात पोपडे सुटायचे.