राक्षस मागे वळतो ती रेघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे मिळाली आणि वाचूनही झाली. सोळा वर्षांची शर्वरी धाकट्या भावाला शोधण्यासाठी त्याच्या फोनमधल्या खेळात शिरते, ही कल्पना नवी नाही हे तुलाही ठाऊक असेल. पण ती नवी नसल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकरणातला नावाडी मला फार आवडला. ‘नाणे ठेवा, नाव सुटते आहे’ हे एकच वाक्य तो शर्वरीला ऐकवत राहतो, ती रडवेली होऊन भावाचा फोटो त्याच्यापुढे धरते तरी तेच ऐकवतो, आणि मग तिच्या लक्षात येते की या माणसाच्या पोटात दुसरे वाक्यच नाही. तिथे माझ्या अंगावर काटा आला. बाकीच्या पानांवर मात्र किल्ले आहेत, राक्षस आहे, चमकणाऱ्या तलवारी आहेत, पण खेळ नाही. ती पाने कोणत्याही राजकन्येच्या गोष्टीत जशीच्या तशी खपून गेली असती, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

संगणकावरचे जग कुणीतरी ठरावीक मुदतीत आणि ठरावीक जागेत बसवलेले असते, म्हणून बनवणाऱ्याची काटकसर आणि त्याच्या नजरचुका या दोन्ही गोष्टी त्यात मुरलेल्या असतात. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे; खेळ साठवलेल्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये जागा थोडी, तेव्हा तीच आकृती रंग बदलून दोन्हीकडे वापरली गेली. १९७८ सालच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ची गंमत याहून मोठी आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी तो खेळ तयार केला तेव्हा पडद्यावरचे सगळे शत्रू एकाच वेळी वेगाने हलवणे त्या यंत्राला झेपत नव्हते. खेळाडू एकेक शत्रू टिपत गेला की यंत्रावरचा भार कमी होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने अंगावर येत. निशिकादो यांनी ही उणीव दुरुस्त न करता तशीच ठेवली, आणि शेवटचा शत्रू सर्वांत अवघड ही त्या खेळातली सगळी धडधड यंत्राच्या दुबळेपणातून आली. तुझ्या जगात असे काहीच नाही. शर्वरी गावातून चालत जाताना तिला प्रत्येक घराच्या भिंतीला त्याच जागी तीच भेग दिसू दे. त्या एका भेगेने वाचकाला जे कळेल, ते ‘ते गाव विलक्षण आणि मायावी होते’ या तुझ्या वाक्याने कळत नाही.

जग बनवणाऱ्याने एक नियम घालावा आणि आत राहणाऱ्यांनी त्याचे भलतेच काही करावे, यातून साहस कसे उभे राहते याचा एक खराखुरा दाखला सांगतो. २००५ च्या सप्टेंबरमध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या, इंटरनेटवरून असंख्य लोक एकत्र खेळतात अशा खेळात हक्कार नावाचा एक बलाढ्य शत्रू आणला गेला. लढताना तो खेळाडूंना रक्तदोषाचा शाप देई. त्या शापाने बळ ओसरत जाई आणि तो जवळ उभ्या असलेल्यालाही लागे. शाप हक्कारच्या ठाण्यापुरताच आणि थोड्या वेळापुरताच राहावा असा बनवणाऱ्यांचा हिशेब होता. पण काही खेळाडूंबरोबर पाळीव प्राणी असत, लढाईत प्राण्याला शाप लागला आणि त्याला तसाच परत पाठवून दिला, की शाप त्याच्या अंगात थिजून राही. पुढे भर शहरात त्याला पुन्हा बोलावले की तिथे साथ सुरू. मुरलेले खेळाडू तग धरत, नवखे काही क्षणांत कोसळत, आणि नेमून दिलेली पात्रे, म्हणजे दुकानदार आणि पहारेकरी, स्वतः न मरता रोग पसरवत उभी राहत. चौकांत सांगाड्यांचे ढीग पडले. कुणी दुसऱ्यांना बरे करायला धावले, कुणी शहर सोडून रानात पळाले, आणि कुणी मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले. शेवटी बनवणाऱ्यांना खेळातच बदल करून ती साथ थांबवावी लागली. २००७ साली एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रकरणावर लेख लिहिला. या सगळ्याची सुरुवात कुणाच्याही दुष्टपणातून झाली नव्हती हे लक्षात घे. तुझ्या कथेतला ‘जगावर राज्य करू पाहणारा महासंगणक’ मला म्हणूनच फिका वाटतो. साध्या नियमाला पडलेली फट त्याच्यापेक्षा कितीतरी भयानक असते.

आता तुझ्या तिसऱ्या प्रकरणाकडे येतो. राक्षस शर्वरीच्या मागे लागतो, ती पडते, तिला भावाची आठवण येते, ‘अचानक तिच्या अंगात शंभर हत्तींचे बळ संचारले’ आणि ती राक्षसाला ठार करते. खेळणारी मुले हे वाचून पुस्तक बाजूला ठेवतील, कारण खेळात असे बळ कुणाला कधी मिळत नाही हे त्यांना आपल्या अनुभवाने पक्के ठाऊक असते. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. अनेक खेळांमध्ये शत्रूला हद्द आखून दिलेली असते; तुम्ही त्या हद्दीबाहेर गेलात की तो पाठलाग सोडतो, आपल्या जागी परततो आणि पुन्हा पूर्ण ताजातवाना होतो. ही हद्द तू वापर. शर्वरी नदीकडे धावते आहे, पाठीवर धग जाणवते आहे, आणि काठावरच्या पांढऱ्या दगडापलीकडे तिचे पाऊल पडताच ती धग मध्येच तुटते. वळून पाहते तर राक्षस जबडा मिटून, मान फिरवून, जणू ती तिथे कधी नव्हतीच अशा निवांत चालीने परत निघाला आहे, आणि तिने जिवावर उदार होऊन केलेली त्याच्या खांद्यावरची जखम पावलागणिक भरून येते आहे. ती वाचली, पण केलेले सगळे वाया गेले. आता ती तिथे बसून विचार करील, आणि पुन्हा जाईल तेव्हा हातात तलवार नसेल, रेघ कुठे आहे याचे ज्ञान असेल. ही मुलगी मला शंभर हत्तींच्या बळापेक्षा जास्त आवडेल.

भाऊ तिथून बाहेर का पडू शकत नाही, याचे कारण तू दिलेलेच नाहीस. ‘तो शापित आहे’ हे कारण नव्हे. मी एक सुचवतो, पटले तर घे. गल्लीतल्या खेळात लहानग्याला आपण कच्चा लिंबू ठेवतो: तो सगळ्यांबरोबर धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही आणि जिंकतही नाही. शर्वरीचा भाऊ त्या खेळात असाच कच्चा लिंबू असू दे. तो आत शिरला तेव्हा त्याची नोंदच झाली नाही, म्हणून राक्षस त्याच्या अंगावरून जातो तरी त्याला काही होत नाही, आणि बाहेर जाण्याचा दरवाजा फक्त नोंद झालेल्या खेळाडूलाच उघडतो म्हणून तो अडकून पडला आहे. त्याला सोडवायचे तर आधी तो खेळाडू म्हणून मोजला गेला पाहिजे, आणि मोजला गेला की त्या क्षणापासून तो मरूही शकतो. हा निर्णय बहिणीने घ्यायचा आहे. तुझ्या पुढच्या दहा प्रकरणांचा ताण या एका गाठीत मावेल असे मला वाटते.

मरणाचा प्रश्न निघालाच आहे तर तोही बोलून घेऊ. शर्वरीला तू तीन जीव दिले आहेस आणि पहिला ती तिसऱ्याच पानावर गमावते, तेव्हा वाचकाच्या मनावर ओरखडाही उमटत नाही. १९८० सालच्या ‘रोग’ (Rogue, म्हणजे लबाड) या खेळात मेलेल्या पात्राला परतीची वाट नव्हती. नवा डाव पहिल्यापासून सुरू होई आणि तळघराची रचनाही नव्याने मांडली जाई, म्हणून त्यात प्रत्येक पाऊल जपून पडे. तू इतका कठोर होऊ नकोस, पण मरणाची किंमत ठरव. प्रत्येक मरणाबरोबर एकेक आठवण पुसण्याची युक्ती तेवढी टाळ, ती फार झिजली आहे. मी वेळेची किंमत लावीन. आपल्या वाचकांना तिचा अनुभव आहे: २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, आणि ज्यांच्या फोनमध्ये तो खेळ आधीपासून होता त्यांच्यासाठीही तो ३० ऑक्टोबरला बंद झाला. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी तेव्हा एक अख्खे जग तारीख लावून बंद होताना पाहिले. शर्वरीच्या खेळालाही अशी तारीख जाहीर झालेली असू दे, आणि ती मेली की जिवंत व्हायला एक रात्र लागते असा नियम असू दे. मग तिच्या प्रत्येक चुकीची किंमत वाचक स्वतःच मोजील.

जगाची कड दाखवताना ‘अथांग काळोख’ लिहू नकोस. ‘पॅकमॅन’मध्ये पातळीचा आकडा यंत्र जेमतेम २५५ पर्यंत मोजू शके, त्यापुढची, म्हणजे २५६ वी पातळी आली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि खुणांच्या कचऱ्याने भरून जाई आणि डावा अर्धा नेहमीसारखाच राही. जग असे तुटते. काळोख फार सोपा आहे.

पहिले प्रकरण निम्म्याने कमी कर. वीज कडाडते, फोन तापतो, पडद्यावर भोवरा दिसतो, मग दुसरा भोवरा. वाचकाला आत जायची घाई आहे आणि तू त्याला दारात ताटकळत ठेवतोस. लुइस कॅरल यांची ॲलिस १८७१ सालच्या दुसऱ्या पुस्तकात आरशाची काच विरघळताच पलीकडे जाते आणि पुढे सगळा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा मांडलेला तिला दिसतो. ती प्यादे आहे, म्हणून पहिल्या चालीला दोन घरे पुढे जाते, तीही आगगाडीत बसून, आणि आठव्या घरात पोचून राणी होते. आरसा कसा विरघळला याचे शास्त्र कुणी विचारत नाही, कारण पलीकडचे नियम चोख आहेत. तू मात्र एक गोष्ट ठरवून ठेवलीच पाहिजेस, ती म्हणजे शर्वरी आत असताना बाहेर फोनचे काय होते. बॅटरी चौदा टक्के आहे, लाइट गेली आहे, आणि आई स्वयंपाकघरात त्याच फोनची टॉर्च लावून भाकऱ्या थापते आहे; आत त्या वेळी काय घडते? हे तुला लिहिता आले तर भोवऱ्यांची गरज उरणार नाही. आणि त्या आईला ‘मोबाइलने मुलांचे वाटोळे केले’ असे भाषण देऊ नकोस. तुझे वाचक ते रोज जेवताना ऐकतात.

हेल्थ, मना (जादू करण्याचे बळ) आणि अनुभवाचे आकडे तू पानोपानी दिले आहेस. आकड्यावर एखादा निर्णय अवलंबून असेल तिथेच तो दे, एरवी गाळ.

भाषेबद्दल एवढेच, की शर्वरी आणि तिचा भाऊ यांना तू ‘अनुजा, सावध राहा’ असे बोलायला लावले आहेस. मुले ‘ताई, लॅग मारतंय, थांब’ असे बोलतात, ‘मेलो यार, रिव्हाइव्ह कर’ असे बोलतात, आणि तसेच बोलू देत. उलट त्या जगातल्या नेमलेल्या पात्रांना घोटीव, ग्रांथिक मराठी दे आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच वाक्ये ठेव. दोन्ही भाषा एका संवादात समोरासमोर आल्या की कोण जिवंत आणि कोण नेमलेले हे तुला वेगळे सांगावे लागणार नाही.

सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून कर. पहिल्याची काटछाट नंतर करता येईल. त्याआधी या जगाचे नियम एका वेगळ्या वहीत लिहून काढ: राक्षसाची हद्द कुठे, मेल्यावर किती वेळ जातो, नोंद कशी होते, दरवाजा कुणाला उघडतो. ती वही पुस्तकात येऊ द्यायची नाही, पण ती पुरी झाल्याशिवाय पुढची पाने लिहू नकोस. नवे तिसरे प्रकरण तयार झाले की वहीसकट पाठव. हाताने लिहिलेले असले तरी चालेल, फक्त समास मोठा सोड.

कळावे, लोभ असावा.