घरातल्या आणि सोसायटीतल्या कामांतून प्रोजेक्ट प्लॅनिंग शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं हिशेबाचं काम केलंत, आता ऑफिसातल्या छोट्या प्रकल्पांचं नियोजन तुमच्याकडे आलंय आणि कोर्सची फी सध्या झेपणारी नाही. घरच्या रोजच्या कामांतून याचा पाया शिकता येईल का, हा तुमचा प्रश्न. येईल, आणि चांगला पक्का शिकता येईल. मी पुण्यात इमारतींच्या बांधकामाचं प्लॅनिंग करते. वेळापत्रकं काढायला मी नोकरीत शिकले, पण ती कशासाठी काढायची हे मला सासूबाईंच्या अनारशांनी शिकवलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत फराळातली कामं वाटून घेताना मी म्हटलं, अनारसे माझ्याकडे, एका शनिवारचं काम आहे. सासूबाईंनी विचारलं, "तांदूळ कधी भिजवलेस?" भिजवलेच नव्हते. मग घाईघाईनं एक रात्र भिजवले, दुसऱ्या दिवशी दळले, गूळ घातला आणि चौथ्या दिवशी तळायला घेतले. जाळी पडेना. कडक झाले, कुणी दुसरा उचलला नाही.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे आणि रोज पाणी बदलायचं. मग ते निथळून कापडावर पसरायचे, थोडे ओलसर असतानाच दळायचे, पीठ चाळून त्यात गूळ मळायचा, गोळे करून डब्यात मुरत ठेवायचे. आमच्याकडे निदान सात दिवस मुरवतात. या सगळ्यात माझे हात किती वेळ गुंततात? तळण धरून चारेक तास. आणि पहिल्या पाण्यापासून तळणापर्यंत दिवस लागतात दहा-अकरा. मी याला मनाशी हाताचे तास आणि घड्याळाचे तास म्हणते. नवीन माणसाची पहिली चूक इथेच होते, तो हाताचे तास मोजून तारीख देऊन बसतो. माझ्या कामात स्लॅबचं काँक्रीट ओतायला एक दिवस पुरतो, पण ते ताकद धरेपर्यंत खालचे टेकू काढता येत नाहीत. तुमच्या ऑफिसात पत्र लिहायला वीस मिनिटं लागतील आणि त्यावर साहेबांची सही व्हायला सहा दिवस. ते सहा दिवस तुमच्या कागदावर दिसलेच पाहिजेत.

आता उलटं मोजायला शिका. 2025 ची दिवाळी घ्या. नरक चतुर्दशी 20 ऑक्टोबरला, सोमवारी होती. पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळाचं ताट पुढे यायला हवं, ही तारीख कुणाच्या बापाला हलवता येत नाही. एक दिवस हाताशी ठेवून तळण शनिवारी, 18 ला. त्याआधी सात दिवस मुरणं, म्हणजे पीठ 11 ला तयार. त्याआधी तीन दिवस भिजणं, म्हणजे तांदूळ 8 ला, बुधवारी सकाळी पाण्यात पडलेच पाहिजेत. दसरा 2 तारखेला होता, म्हणजे सोनं वाटून झाल्यावर सहाव्या दिवशी दिवाळीचं काम सुरू! पुढून मोजायला बसलात तर 8 तारीख तुम्हाला कधीच दिसणार नाही, तेव्हा दिवाळी लांब वाटत असते.

चिवड्याचं तसं नाही. तो 12 ला केला काय किंवा 17 ला केला काय, ताटात वेळेवर येतो. या मोकळ्या जागेला आमच्या धंद्यात फ्लोट म्हणतात. हाताशी ठेवलेला तो एक दिवस सोडला तर अनारशाला फ्लोट नाही, त्यापुढे एक दिवस चुकला की 20 तारीख चुकली. ज्या कामांच्या साखळीत असा एकही मोकळा दिवस नसतो तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांची बांधणी आणि दुरुस्ती आखण्यासाठी ही पद्धत बसवली, संगणकावर. आकडेमोड त्यांची. पण कुठल्या कामाकडे आज बघितलंच पाहिजे आणि कुठलं परवावर ढकललं तरी चालेल, हा विवेक तुमच्या आईला किंवा आजीला आधीपासून आहे. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारा: "याच्या आधी काय झालेलं असायला हवं?" चकलीच्या आधी भाजणीचं पीठ, पिठाच्या आधी गिरणी, गिरणीच्या आधी भाजणं, भाजण्याच्या आधी धुतलेलं धान्य वाळणं. कामाचे तुकडे पाडणं आणि त्यांचा क्रम लावणं म्हणजे हेच.

या साखळीत दोन ठिकाणी लक्ष द्या. धान्य वाळायच्या वेळी परतीचा पाऊस येऊ शकतो. सासूबाई पंख्याखाली चादर पसरतात, पण त्यासाठी एक दिवस जास्त धरतात, आणि तो आधीच धरतात. पाऊस आल्यावर दिवस शोधायला जात नाहीत. दुसरी जागा गिरणी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिथे डब्यांची रांग लागते, तुमचा डबा किती वाजता दळला जाईल हे तुमच्या हातात नसतं. जे काम दुसऱ्याच्या दारात जाऊन थांबतं ते लवकर पाठवा. आणि हो, शेगड्या किती आहेत ते मोजा. कागदावर चकली, शेव आणि शंकरपाळे एकाच संध्याकाळी बसतात, पण कढई एकच असते आणि तळणारी बाईही एकच. माणसं न मोजता काढलेलं वेळापत्रक कुणाच्या तरी पाठीवर फुटतं, बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या. मला हे फार लागतं, म्हणून कुणाकडे किती काम आलं याची बेरीज मी तारखांच्या आधी करते.

माणसांबद्दलचं उरलेलं शिक्षण घराबाहेर मिळतं. आमच्या सोसायटीत कोजागरीची जबाबदारी एकदा माझ्याकडे आली. साधारण 120 माणसं, 30 लिटर दूध. बैठकीत ठरलं फक्त मसाला दूध आणि गाणी. मग कुणी म्हणालं भेळ करू, कुणी म्हणालं मुलांच्या स्पर्धा घेऊ, आणि मी दोन्हीला मान डोलावली. वर्गणी तेवढीच राहिली, माणसं तेवढीच राहिली, काम दुप्पट झालं. तेव्हापासून मी नवीन सूचनेला नाही म्हणत नाही, विचारते, "छान आहे. मग यातलं काय काढायचं, की वर्गणी वाढवायची?" ऑफिसात हाच प्रश्न नम्रपणे आणि लेखी विचारा.

त्या रात्री मोठं पातेलं आणि मोठी शेगडी मात्र आली नव्हती. बैठकीत "ते बघू आपण सगळे मिळून" असं झालं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते एकमेकांवर सोडलं होतं. शेवटी तीन घरांतल्या गॅसवर दूध आटवलं. दोन तास धरले होते, लागले साडेतीन. चंद्र माथ्यावर आला, लहान मुलं खुर्च्यांवर झोपून गेली, तेव्हा दूध खाली आलं. ज्या मुलांसाठी एवढा खटाटोप केला त्यांनाच ते मिळालं नाही, याची चुटपुट मला अजून आहे. पुढच्या वर्षी यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच नाव लिहिलं. मदतीला कितीही असोत, नाव एकच. आणि तीन दिवस आधी प्रत्येकाला फोन करून "पातेलं तुमच्या ताब्यात आलं का?" असं विचारलं. "होईल ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात.

तुम्ही हिशेबातले आहात, ही मोठी जमेची बाजू आहे. घरखर्चात आपण अंदाज आणि प्रत्यक्ष असे दोन रकाने ठेवतो, तसेच वेळेचे ठेवा. किराणा भरायला किती वेळ लागेल ते आधी लिहा, करून आल्यावर लागलेला वेळ शेजारी लिहा. महिनाभर हे केलंत की तुमचे अंदाज कुठल्या कामात आणि किती चुकतात ते समजेल. मी लोकांवर अवलंबून असलेली कामं कायम कमी धरत होते, हे मला अशाच वहीतून कळलं.

काही गोष्टी घर शिकवत नाही. करार, निविदा, काम बदललं तर मंजुरी कुणाची, हे सगळं ऑफिसातल्या जुन्या फायली वाचूनच कळेल. झालेल्या एखाद्या प्रकल्पाची फाईल मागून घ्या आणि ठरलेल्या तारखा व प्रत्यक्ष तारखा शेजारीशेजारी मांडा.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सध्या कुठलंच नको. एक्सेलमध्ये डावीकडे कामं, वर तारखा, आणि जितके दिवस काम चालेल तितक्या चौकटी रंगवलेल्या, एवढं पुरे. हेन्री गँट यांच्या नावानं ओळखला जाणारा तक्ता तो हाच. पहिला तक्ता घरातल्या एखाद्या येऊ घातलेल्या कार्याचा काढा, बारसं असो की वास्तुशांत. काढलात की इथेच खाली टाका, मी नक्की बघेन.