आईने भोगलं, मग माझे खांदे का आखडतात?

"मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते, मग हे माझ्या वाट्याला का?" ग्वाटेमालातल्या माया महिलांच्या गटांमध्ये पुढच्या पिढीच्या मुली हे हमखास विचारतात. त्यांतल्या एका क्वेक्ची (माया लोकांमधला एक समाज) मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिची आई पोलोचिक खोऱ्यातली. १९८२ मध्ये, देशात यादवी युद्ध चालू असताना, तिथे सेपूर झार्को या गावी लष्कराचा तळ पडला. जमिनीचे हक्क मागणाऱ्या पुरुषांना उचलून नेलं. त्यांच्या बायकांना पाळीपाळीने तळावर राबवलं, सैनिकांचं धुणं-रांधणं करायला लावलं, त्यांच्यावर बलात्कार केले. या अत्याचारांबद्दल २०१६ मध्ये दोघांना शिक्षा झाली. फिर्यादी स्त्रिया शालीने चेहरे झाकून कोर्टात बसल्या होत्या. या मुलीची आई मात्र कधीच काही बोलली नाही.

मुलीची तक्रार साधी होती. मक्याच्या भाकऱ्या थापायला घेतल्या की खांदे कानांपर्यंत चढायचे, श्वास अडकायचा.

आमच्या गटात आम्ही तिला काही सांगायला लावलं नाही. जमिनीवर मोठा कागद अंथरला, ती त्यावर आडवी झाली, मैत्रिणीने तिच्या अंगाभोवती खडूने रेघ ओढली. मग तिने रंग भरले. खांदे आणि तळहात काळे केले, बराच वेळ गिरवत राहिली आणि म्हणाली, "आईपण अशीच थापते."

पाठीशी बांधलेल्या तान्ह्या बाळाला ट्रकच्या आवाजाने आखडलेली आईची पाठ कळते. कारण कुणी सांगत नाही, पण आखडणं अंगात मुरतं. मुलीत काही खोट आहे म्हणून हे होत नाही.

पुढे तिने तो आखडलेपणा मुद्दाम वाढवून सोडून पाहिला. मैत्रिणीच्या पाठीला पाठ लावून श्वास घेतला. स्वतःला हवी तशी उभी राहून दाखवली, आधी अवघडून, मग पाय रोवून. विचारल्याशिवाय स्पर्श नाही आणि कुणीही कधीही उठून जाऊ शकतं, हे आमच्याकडे पक्कं असतं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरही हवेतच.

आईकडून सगळं वदवून घेतल्याशिवाय मुलगी बरी होणार नाही, हा समज मला आईवर अन्याय करणारा वाटतो. काही महिन्यांनी ती आई स्वतःहून गटात आली. बोलायचं नाही, तो खांद्यांचा व्यायाम तेवढा शिकवा, म्हणाली. लेकीनेच शिकवला.