चौकट म्हणजे शॉट नव्हे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिल्मचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना तुझ्या मित्राच्या कॉमिकची पानं शेजारी उघडून ठेवली होती. एकेक चौकट तू जशीच्या तशी उतरवली आहेस. कोन तोच, हाताची ठेवण तीच, भिंतीवरची सावलीसुद्धा तीच. एवढ्या मेहनतीबद्दल आधी पाठ थोपटतो. पण तिसऱ्या मिनिटाला माझं लक्ष उडालं, आणि कॉमिक वाचताना ते एकदाही उडालं नव्हतं. असं का झालं, ते सांगायला हे पत्र.

त्यासाठी एक जुना जपानी चित्रपट बघ. ‘कोझुरे ओकामी’, म्हणजे पिल्लाला घेऊन फिरणारा लांडगा. इंग्रजीत ‘लोन वुल्फ अँड कब’ या नावाने सापडेल. मुळात हे कॉमिक, कथा काझुओ कोइकेची, चित्रं गोसेकी कोजिमाची. 1970 ते 1976 अशी सहा वर्षं ही मालिका साप्ताहिकात चालली, तिचे 28 खंड झाले. 1972 मध्ये केन्जी मिसुमीने त्यावरचा पहिला चित्रपट केला. शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशासाठी, शिरच्छेदाचं काम करणारा ओगामी इत्तो कटात अडकवला जातो, त्याच्या बायकोचा खून होतो, आणि लहानग्या दाइगोरोला लाकडी गाड्यात बसवून तो भाडोत्री मारेकरी म्हणून वाट धरतो.

त्यातला एकच प्रसंग घे. बाप बाळासमोर दोन वस्तू ठेवतो, एक चेंडू आणि एक तलवार. चेंडू निवडलास तर तुला आईकडे पाठवतो, तलवार निवडलीस तर माझ्याबरोबर नरकाच्या वाटेने चल. बाळ रांगत निघतं आणि तलवारीला हात लावतं.

कागदावर हा प्रसंग कोजिमाच्या हातात होता. बाळाचे डोळे त्याला हवे तसे काढता आले. आणि एका चौकटीवर किती वेळ थांबायचं, हे वाचकाच्या हातात होतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटायचा धीरच होईना, बराच वेळ तसाच बसून राहिलो. पडद्यावर ही सोय नाही. तिथे प्रेक्षकाच्या वतीने आपण थांबायचं असतं. शिवाय खऱ्या बाळाला तलवार म्हणजे काय ते कळत नाही, ते अभिनय करत नाही, नुसतं रांगतं. मग जीव टांगणीला लागतो तो कशाने? बाळाचं रांगणं आणि बापाचा चेहरा यांच्यात मिसुमी आपल्याला ये-जा करायला लावतो, आणि बाळाच्या कोऱ्या चेहऱ्यावर आपणच अर्थ लिहीत जातो. कागदावर दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जे घडतं, ते इथे कटच्या जागेवर, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे, घडतं. तुझ्या फिल्ममध्ये चौकटी सगळ्या आल्या, ती पट्टी तेवढी राहून गेली.

दुसरी गोष्ट माणसांची. कोजिमाचा ओगामी सडपातळ आहे. पडद्यावरचा तोमिसाबुरो वाकायामा चांगला जाडजूड, गोल चेहऱ्याचा. चित्राशी ताडून पाहिलंस तर निवड चुकली असंच वाटेल. पण हा माणूस ज्युदोत मुरलेला, तलवार चालवण्यात पटाईत. तो शांत उभा राहिला तरी वजन जाणवतं, आणि एवढं अंग अचानक हललं की बघणारा दचकतो. तू मात्र चित्रासारखं नाक असलेला मुलगा शोधलास, आणि त्या बिचाऱ्याला दार कसं उघडायचं तेही नीट जमत नाही. चेहरा सोड, चाल बघ. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण ही चूक संकलनाच्या टेबलावर दुरुस्त होत नाही.

आवाजाचंही तसंच. याच मालिकेतल्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात वाळूच्या टेकड्यांवर शेवटची लढत होते. गळ्यावर वार झालेला मारेकरी मरता मरता ‘मोगारिबुए’बद्दल बोलतो. कुंपणातून शिरणाऱ्या हिवाळी वाऱ्याच्या शिट्टीला जपानीत हा शब्द आहे. असा आवाज आपण कापलेल्या माणसाच्या गळ्यातून ऐकावा ही त्याची आयुष्यभराची इच्छा, आणि शेवटी तो येतो त्याच्याच गळ्यातून. कागदावर हा आवाज शब्दात लिहावा लागतो. पडद्यावर तो खरोखर ऐकू यावा लागतो, आणि त्यासाठी आधी शांतता राखून ठेवावी लागते. तुझ्याकडे पहिल्या सेकंदापासून व्हायोलिन वाजतंय.

आता लांबी. चाळीस पानं नऊ मिनिटांत कोंबायचा हट्ट सोड. पहिल्या चित्रपटाची पटकथा खुद्द कोइकेनेच लिहिली. तरी त्याने आपल्याच पानांचा क्रम मोडला. चेंडू आणि तलवारीचा प्रसंग कॉमिकच्या पहिल्या खंडाच्या शेवटी येतो, चित्रपटात तो आठवण म्हणून मधेच येतो. आणि 1972 ते 1974 या काळात सहा चित्रपट होऊनही गोष्ट संपली नाही, कारण कॉमिक पुढे दोन वर्षं चालूच होतं. ओगामीच्या सुडाचा शेवट त्या सहा चित्रपटांत नाहीच. पण म्हणून ते अर्धवट वाटत नाहीत, प्रत्येकाला आपला श्वास आहे. लेखक स्वतः एवढी मोकळीक घेतो, तर तुझा मित्र रागावेल म्हणून तू का घाबरतोस? त्याला शेजारी बसवून विचार, यातलं कोणतं पान गेलं तर तुला खरंच दुखेल? तेवढं ठेव.

सुरुवात सातव्या पानापासून कर. म्हातारी दार उघडते आणि बाहेर कोणीच नसतं. कॉमिकमध्ये तिथे तीन चौकटी आहेत, तूही तीन शॉट लावलेस. एकच लाव, तिच्या पाठीवरून. संगीत काढून टाक, पंख्याचा आवाज राहू दे. किती सेकंद धरायचा ते घड्याळाकडे न बघता ठरव. तुला स्वतःला अस्वस्थ वाटू लागलं की अजून थोडं थांब, मग काप.

रविवारी संध्याकाळी मी घरी आहे. हार्ड डिस्क घेऊन ये, मित्रालाही आण.

तुझा,
काका